परदेशातील रोजच्या सायकलीची पूर्वतयारी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. विलेपार्ले

प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित झाली. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदारासोबत राहण्यासाठी नेदरलँड्सला जाणाऱ्या मुंबईतील मराठी माणसांकरिता एक छोटी पुस्तिका तयार करायची आणि निघण्यापूर्वी इथेच त्यांच्याकडून सायकलीचा प्रत्यक्ष सराव करून घ्यायचा, असे ठरले. कामाला आम्ही चौघे आहोत. मी शाळेत भूगोल शिकवत होते. दादरला सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे मिस्त्रीकाका यंत्राची बाजू पाहतील, शेजारची वास्तुविशारद मुलगी आकृत्या काढील आणि परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे मार्गी लावणारे आमचे एक स्नेही त्या भागाचा मसुदा करतील.

या कामाची निकड मला भाचीमुळे कळली. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती गेल्या सप्टेंबरात नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात राहायला गेली. तिच्या सामानाची यादी आमच्या घरी कित्येक दिवस चालू होती. गोडा मसाल्यापासून लोकरीच्या मोज्यांपर्यंत सर्व काही त्या यादीत होते. सायकल हा विषय मुंबईतल्या कोणत्याच यादीत नसतो, कारण इथे सायकल म्हणजे एकतर लहान मुलांचे खेळणे, नाहीतर दूधवाल्याचे किंवा इस्त्रीवाल्याचे वाहन किंवा रविवारी पहाटे हेल्मेट घालून करायचा व्यायाम. तिकडे गेल्यावर पंधरवड्यातच तिने फोनवर सांगितले, "मावशी, घर लागलं, बँकेचं काम झालं, पण सायकल येत नाही तोवर मी इथे कुणाकडे जाऊच शकत नाही गं."

त्या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आहे आणि सायकली सुमारे २ कोटी ३० लाख आहेत. लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक फेऱ्या सायकलीवर होतात. वाणसामान, पाळणाघर, डॉक्टर, रेल्वे स्थानक, मैत्रिणीचे घर ही सगळी ठिकाणे सायकलीने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतील अशा बेताने तिथली वस्ती रचलेली असते. ज्याला सायकल येत नाही त्याच्यासाठी हेच अंतर बसच्या वेळापत्रकावर किंवा घरातील दुसऱ्या माणसाच्या सवडीवर अवलंबून राहते, आणि हे अवलंबित्व बहुतेक वेळा नवऱ्यासोबत गेलेल्या बायकोच्या आणि नातवंडांसाठी गेलेल्या आजी-आजोबांच्या वाट्याला येते. आमचा प्रकल्प मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

कागदपत्रांचे प्रकरण आधी लिहून घेतले. सायकलीच्या पुस्तिकेत कागदपत्रे कशाला, असा प्रश्न वास्तुविशारद मुलीने विचारला आणि तो योग्यच होता. पण पहिल्या महिन्याचा क्रम समोर मांडल्यावर तिलाही पटले. चार महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याने पोहोचल्यापासून पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदणी करायची असते. त्या नोंदणीतून नागरिक क्रमांक मिळतो आणि पगार, आरोग्य विमा व तिथली बहुतेक सरकारी कामे त्या क्रमांकाभोवतीच फिरतात. मासिक वर्गणीवर सायकल घ्यायची झाली, तर वर्गणी खात्यातून परस्पर वळती होण्यासाठी बँक खाते लागते. दुरुस्तीसह सायकल वर्गणीवर देण्याची ही पद्धत २०१४ मध्ये डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. निळ्या पुढच्या टायरवरून त्या सायकली लांबूनही ओळखू येतात. नव्याने आलेल्या माणसाला विकत घेण्यापेक्षा ही सोय पहिल्या काही महिन्यांत अधिक बरी पडते, असे माझे मत आहे, कारण सायकल बिघडली तर दुरुस्तीवाल्याशी परक्या भाषेत हुज्जत घालावी लागत नाही.

नोंदणीसाठी जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण घेऊन, न्यावे लागते. अपोस्टिलचा आंतरराष्ट्रीय करार भारताला २००५ मध्ये लागू झाला, त्यामुळे पूर्वीसारखे दूतावासाचे वेगळे शिक्कामोर्तब लागत नाही. जुने जन्मदाखले केवळ मराठीत असतात आणि तिथल्या नगरपालिका डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन दाखला स्वीकारतात, म्हणून भाषांतराचे काम इथेच उरकावे, असे ठळक अक्षरांत लिहिले आहे.

आणखी एक बाब वाहन परवान्याची. भारतीय परवान्यावर तिथे नोंदणीनंतर १८५ दिवसच मोटार चालवता येते. त्यानंतर, विशेष करसवलत मिळालेले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय वगळता, बाकीच्यांना तिथली परीक्षा नव्याने द्यावी लागते. 'आम्ही गाडी घेऊ, सायकल कशाला' असे म्हणणाऱ्या जोडप्यांना हा आकडा आधीच सांगायला हवा.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळभर मिस्त्रीकाकांच्या दुकानात होते. भाचीने पाठवलेली छायाचित्रे मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एकेक छायाचित्र नीट पाहिले आणि म्हणाले, "बाई, ही तर आपली जुनी काळी सायकल." त्यांचे निरीक्षण अगदी अचूक आहे. ताठ बसायची उंच हँडल, जाड सीट, पूर्ण झाकलेली चेन, दोन्ही मडगार्ड, दणकट कॅरियर, स्टँड आणि घंटी, अशी जी सायकल आपल्याकडे हिरो-ॲटलसच्या काळात घरोघरी होती आणि आता फक्त कामकरी माणसाकडे उरली आहे, तशीच सायकल तिथे प्राध्यापकापासून शाळकरी मुलीपर्यंत सगळे चालवतात. बायकांच्या सायकलीला मागच्या चाकावर दोन्ही बाजूंना जाळी किंवा पडदा असतो, त्यामुळे लांब कोट किंवा ओढणी चाकात जात नाही.

काळबादेवीला सायकलींच्या दुकानांत आम्ही चौकशी केली, तेव्हा मांडणीत बहुतेक रुंद टायरच्या, शॉकॲब्सॉर्बर लावलेल्या, मडगार्ड नसलेल्या सायकली दिसल्या. सरावासाठी त्या निरुपयोगी आहेत. पुढे वाकून बसायची सवय लागली की तिथली ताठ सायकल परकी वाटते. म्हणून आम्ही जुन्या बाजारातून दोन लेडीज सायकली घेऊन काकांकडून दुरुस्त करवून घ्यायचे ठरवले.

मोठी अडचण ब्रेकची आहे. तिथल्या कित्येक साध्या सायकलींना हातात ब्रेक नसतोच. पायडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. याचा परिणाम थांबण्याइतकाच निघण्यावरही होतो. आपल्याकडे सिग्नलला थांबल्यावर पायडल उलटे फिरवून सोयीच्या जागी आणता येते, तिथे ते उलटे फिरतच नाही. म्हणून थांबतानाच उजवे पायडल किंचित वर आणि पुढे राहील अशा बेताने थांबावे लागते, नाहीतर पुन्हा निघताना पाय ठेवायला आधार मिळत नाही आणि मागची रांग खोळंबते. आमच्या सोसायटीतील एका मुलासाठी अमेरिकेहून आलेली छोटी सायकल याच ब्रेकची आहे. ती आता त्याला लहान पडते. तिचे मागचे चाक काका एका वीस इंची घडीच्या सायकलीला बसवून पाहणार आहेत. ब्रेकची पट्टी मागच्या नळीला पट्ट्याने घट्ट आवळावी लागते. ती सैल राहिली तर ब्रेक दाबताच आसासकट सगळे फिरते.

१६ मार्च २०२५, रविवार. बोरिवली

सरावाला सुरुवात झाली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी सायकली भाड्याने मिळतात आणि सकाळी लवकर गेले तर आतला रस्ता बराच मोकळा असतो. ज्यांना थोडीफार सायकल येते त्यांची चाचणी आज इथे घेतली. लहानपणी तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर हाफ पायडल शिकलेल्या बहुतेकांना तोल आठवला. त्यांना फक्त हात सोडून वळण दाखवणे आणि मागे वळून पाहणे जमत नव्हते.

गटातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणजे गिरगावच्या एक आजी. त्या साठी ओलांडलेल्या आहेत आणि आयुष्यात सायकलीवर बसलेल्या नाहीत. मुलगा ॲम्स्टेल्व्हेनला असतो. नव्वद दिवसांच्या व्हिसावर त्या उन्हाळ्यात जाणार आहेत आणि सहा वर्षांच्या नातवाला सकाळी शाळेत सोडायचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे. नातू स्वतःच्या सायकलीवर जातो. सोबत मोठे माणूस सायकलीवर हवे, एवढीच घरच्यांची अट आहे. "चालत गेले तर पोरगं पुढे निघून जाईल आणि मी मागून हाका मारत बसेन," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या सुनेने फोनवर "आई, तुम्ही कशाला त्रास घेता?" असे विचारले, त्यावर आजींनी शांतपणे फोन ठेवून दिला आणि मला म्हणाल्या, "बाई, पुढचं सांगा."

त्यांच्यासाठी मागून सीट धरून धावण्याची पद्धत मी मुद्दाम टाळली. ती पद्धत शिकणाऱ्याच्या मनात मागच्या हाताची सवय तयार करते आणि हात सुटल्याचे कळताच माणूस घाबरतो. मिस्त्रीकाकांनी सायकलीची दोन्ही पायडले काढून टाकली आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली केली. मग किंचित उताराच्या जागी पायाने जमिनीला रेटत पुढे जायचे, पाय हळूहळू अधिक वेळ वर ठेवायचे, नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब ठेवायची. तोल या टप्प्यावर येतो, पायडल नंतर बसवायची. आजींनी सलवार-कमीज घातली होती आणि ओढणी कमरेला खोचली होती. दुपारी निघताना त्या उतारावरून पाय उचलून चांगले अंतर सरकत होत्या.

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारून, पूजा आटोपून भाचीला फोन लावला. आजच्या दिवशी युरोपातील घड्याळे एक तास पुढे गेली, त्यामुळे आपल्या आणि त्यांच्या वेळेतील फरक साडेचार तासांवरून साडेतीन तासांवर आला. पुस्तिकेतील फोनच्या वेळांच्या तक्त्यात हा बदल नोंदवला आहे.

तिच्या रोजच्या मार्गाचे वर्णन मी सविस्तर लिहून घेतले, कारण नकाशावर जे कळत नाही ते या वर्णनातून कळते. ती शहराच्या पश्चिमेला लाइडशे राइन या नव्या वस्तीत राहते. मध्ये ॲम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालवा आहे आणि तो ओलांडायला २०१७ मध्ये खास सायकलींसाठी आणि पादचाऱ्यांसाठी पूल बांधला. धावपटू डाफ्ने शिपर्स हिचे नाव त्याला दिलेले आहे. कालव्यावरून जहाजे जातात म्हणून पूल उंच आहे आणि एवढी उंची सायकलीला सोसावी यासाठी चढण लांबवावी लागली. ती चढण एका प्राथमिक शाळेच्या छपरावरून वळत जाते. वास्तुविशारद मुलीने या पुलाची आकृती लगेच काढायला घेतली. एका बांधकामात शाळा, बाग आणि पूल असे तिन्ही बसवणे तिला फार महत्त्वाचे वाटते, आणि मलाही.

पुढे भाची मध्यवर्ती रेल्वे स्थानकाखालच्या वाहनतळात सायकल ठेवते. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या या तळात १२,५०० सायकली मावतात आणि सायकलीच्या तळांत तो जगातील सर्वांत मोठा मानला जातो. आत सायकलीवर बसूनच जाता येते, कोणत्या ओळीत जागा रिकामी आहे हे पाट्यांवर दिसते आणि पहिले २४ तास विनामूल्य असतात. तिथून जिना चढले की थेट फलाटांच्या सभागृहात पोहोचता येते. दादरच्या पुलावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला या व्यवस्थेचे मोल अधिक कळेल. गाडीत मात्र सायकल नेण्यावर बंधने आहेत. घडीची सायकल घडी घालून कधीही विनामूल्य नेता येते, पूर्ण आकाराची सायकल गर्दीच्या वेळा टाळून आणि वेगळे तिकीट काढूनच नेता येते. म्हणून पुष्कळ लोक उतरायच्या स्थानकावर रेल्वेचीच भाड्याची सायकल घेतात.

सणाचे श्रीखंड तिने भारतीय दुकानातून सायकलीवरच आणले होते. कॅरियरला लावायच्या दुहेरी पिशव्यांचा उल्लेख सामानाच्या यादीत वाढवला.

१३ एप्रिल २०२५, रविवार

इतिहासाचे एक पान ठेवावे की नाही यावर वाद झाला. कागदपत्रांच्या स्नेह्यांचे म्हणणे असे की जाणाऱ्याला इतिहासाचा उपयोग नाही. मी ते पान ठेवण्याच्या बाजूने आग्रह धरला. मुंबईत या विषयावर बोलू लागले की समोरचा माणूस 'ते लोक मुळातच तसे शिस्तीचे' असे म्हणून विषय संपवतो, आणि हे खरे नाही. १९५० आणि १९६०च्या दशकांत तिथेही मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कमी झाल्या. १९७१ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. मुलांचे हे मृत्यू थांबवा, या मागणीसाठी आईबापांनी आणि शेजाऱ्यांनी चळवळ उभी केली, मुलांसह रस्ते अडवले. १९७३ च्या तेलटंचाईत ४ नोव्हेंबरपासून काही रविवार रस्ते मोटारींना बंद राहिले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. वेगळे सायकलमार्ग, संथ केलेले गल्लीरस्ते हे सगळे त्यानंतरच्या काही दशकांत मागून, भांडून, प्रयोग करून मिळवलेले आहे. उट्रेख्तमध्येच जुना कालवा बुजवून केलेला मोटाररस्ता काढून टाकला आणि २०२० मध्ये त्या जागी पुन्हा पाणी खेळवले.

पान ठेवायचे ठरले. जाणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या मेहनतीवर सायकल चालवतो हे ठाऊक असावे, आणि मागे राहणाऱ्यालाही ते वाचायला मिळावे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकलमार्ग केला होता, त्यावर पुढे उभ्या गाड्याच दिसत राहिल्या, हे आपल्यासमोरच आहे.

४ मे २०२५, रविवार

आजचा सराव या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा होता, म्हणून सविस्तर नोंदवते. पार्ल्यातील एका शाळेने सुट्टीत मैदान वापरायला दिले. पहाटेच आम्ही फक्कीने दोन रस्ते, एक चौक आणि एक वर्तुळाकार चौक आखला, कडेने दोन मीटर रुंदीचा सायकलमार्ग काढला आणि दिवसभर सर्वांना उजव्या बाजूने चालवायला लावले.

डावीकडून चालवण्याची आपली सवय हातापायांत इतकी मुरलेली असते की सरळ रस्त्यावर उजवीकडे राहणे लगेच जमते, पण वळताच माणूस पुन्हा डाव्या कडेला जातो. तिथे उजवे वळण सोपे, कारण ते कडेकडेनेच होते. डावे वळण अवघड, कारण त्यासाठी रहदारी ओलांडावी लागते. म्हणून एकच क्रम पुनःपुन्हा घोटून घेतला. डाव्या खांद्यावरून मागे पाहायचे, डावा हात आडवा करायचा, दोन्ही हात हँडलवर आणून वळायचे आणि वळून झाल्यावर उजव्या कडेला जायचे. मागे पाहताना हँडल त्याच बाजूला ओढले जाते. ते टाळण्यासाठी फक्कीच्या एका रेषेवर सरळ जात असताना मागे उभ्या असलेल्या माणसाने किती बोटे दाखवली ते मोठ्याने सांगायचे, असा अभ्यास घेतला.

अग्रक्रमाचे नियम समजावायला अधिक वेळ गेला. कोणतीही खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. २००१ पासून उजवीकडून येणाऱ्या सायकललाही मोटारीच्या आधी जाण्याचा हाच हक्क मिळाला आहे. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ असेल आणि टोके आपल्याकडे असतील तर आपण थांबायचे, टोके समोरच्याकडे असतील तर तो थांबतो. ट्रामला वाट द्यायची. सरळ जाणाऱ्याला वळणाऱ्याने वाट द्यायची. निळ्या गोल फलकावर पांढरी सायकल असेल तर तो मार्ग सायकलीसाठी सक्तीचा असतो. प्रवेश बंद असलेल्या गल्लीच्या फलकाखाली छोट्या पाटीवर सायकलला सूट दिलेली असेल तर तिथून सायकल नेता येते. हे सर्व एका पानाच्या आकृतीत बसवायचे आहे.

मुलुंडच्या एका तरुणीने विचारले की आपला अग्रक्रम असताना समोरचा खरोखर थांबेल याची खात्री कशी बाळगायची. तिच्या प्रश्नातच मुंबईतील अनुभव होता. इथे आपण नियमाकडे पाहत नाही, समोरच्याच्या वेगाकडे आणि चेहऱ्याकडे पाहतो आणि त्यानुसार पुढे सरकतो किंवा थबकतो. तिथे आपला हक्क असताना थबकणे हेही धोक्याचे ठरते, कारण मागचा सायकलस्वार आपण जाणार हे गृहीत धरून येत असतो. मी तिला एवढेच सांगितले की पहिले काही आठवडे चौकाआधी वेग कमी ठेव, डोळ्यांना डोळे भिडव, पण जाण्याची पाळी आपली असेल तेव्हा नि:संकोच जा. हे उत्तर पुस्तिकेत शब्दशः घ्यायचे आहे.

आजी आता पायडल मारतात. त्यांच्यासाठी मी 'सर्वांत हळू कोण' अशी शर्यत लावली. पाय न टेकता सर्वांत उशिरा पोहोचणारा जिंकतो. शाळकरी मुलासोबत शेजारून चालवायचे तर हाच वेग लागतो. दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायला तिथे परवानगी आहे आणि मोठे माणूस रहदारीच्या बाजूला राहते. पुष्कळ आईबाप मुलाच्या पाठीवर हात ठेवून चालवतात, असे भाचीने पाहिले आहे. आजींना ते करायचे आहे. अजून एका हाताने चालवणे पक्के झालेले नाही.

१८ मे २०२५, रविवार. मनोरी

वाऱ्याचा सराव. नेदरलँड्समध्ये चढ फारसे नाहीत, पण वारा आहे आणि तो सपाट प्रदेशात अडत नाही. मार्वेहून बोटीने मनोरीला उतरलो आणि उत्तनच्या दिशेने गेलो. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे जोरात वाहू लागतात हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, आज ते गटाच्या तोंडावर येत होते. समोरून वारा असताना जोर लावून दमण्यापेक्षा हलका गिअर, कमी वेग आणि वेळेच्या दहा मिनिटे आधी निघणे हा उपाय सर्वांनी करून पाहिला.

त्याच फेरीत ओझ्याची चाचणी घेतली. मुलुंडच्या तरुणीला दोन वर्षांच्या मुलीसह आइंडहोव्हनला जायचे आहे. आठ वर्षांखालील मुलाला पाठ, हात आणि पाय यांना आधार देणाऱ्या योग्य आसनातच बसवावे असा तिथला नियम आहे. नळीवर बसवून किंवा कॅरियरवर नुसते बसवून नेण्याची आपली पद्धत तिथे चालत नाही. आम्ही मागच्या आसनात गव्हाच्या पिठाची दहा किलोंची पिशवी पट्ट्याने बांधली. चालवताना फारसा फरक जाणवला नाही. उभ्या सायकलीवर पिशवी चढवताना मात्र सायकल एकीकडे कलली आणि तिथेच शिकवण्यासारखे होते. दोन पायांचा रुंद स्टँड घ्यायचा, आधी सामान लावायचे, मूल सर्वांत शेवटी बसवायचे आणि सर्वांत आधी उतरवायचे.

१ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. मैदानावर चिखल आहे, तरी पावसातला सराव सोसायटीच्या आवारात घेतला. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. नेदरलँड्समध्ये साधारण ८५० मिलिमीटर पाऊस बाराही महिने विखुरलेला असतो, त्यामुळे पाऊस थांबायची वाट पाहणारा माणूस घरीच बसून राहतो. छत्री सायकलीवर धोक्याची आहे आणि आपला घोळदार रेनकोट वाऱ्याने फुगतो. अंगाबरोबर बसणारे जाकीट आणि वरून चढवायची पँट हाच पोशाख. पुढच्या दोन तासांत सरी कुठे पडतील हे दाखवणारे रडारचे ॲप तिथे पुष्कळांच्या फोनमध्ये असते, मात्र चालवताना फोन हातात धरायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे.

ट्रामचे रूळ ओले असताना सर्वाधिक घसरवतात. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, त्यामुळे गटातील कोणालाही रुळांवरून सायकल नेण्याची सवय नाही. जमिनीवर पट्ट्या आखून त्या जवळजवळ काटकोनात ओलांडायचा सराव केला.

दिव्यांचे पान पूर्ण झाले. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, लुकलुकणारा नाही. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास उजाडते आणि साडेचारला सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसला जाणे-येणे दोन्ही अंधारात होते.

१५ जून २०२५, रविवार

चोरी आणि कुलपे. दोन कुलपे लागतात, मागच्या चाकातले अंगचे कुलूप आणि जाड साखळी, आणि साखळी एखाद्या स्थिर वस्तूला गुंतवायची. रस्त्यात कोणी नगण्य किमतीत सायकल देऊ केली तर घेऊ नये. चोरीचा माल घेणे हा तिथे गुन्हा आहे. जुनी सायकल दुकानातून पावतीसह घ्यावी आणि सांगाड्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा. मराठी बायकांना तिथल्या सायकली उंच पडतात, म्हणून आतून पायाची लांबी मोजून नेण्याची सूचनाही याच पानावर आहे.

२९ जून २०२५, रविवार

पुस्तिकेचा मजकूर छपाईला गेला. आकृत्यांचे शेवटचे मुद्रित आज तपासले आणि त्रिकोणांच्या ओळीची दिशा दाखवणारा बाण अधिक ठळक करायला सांगितला.

आजी मागच्या आठवड्यात पोहोचल्या. मुलाने त्यांच्यासाठी शेजाऱ्यांकडून कमी उंचीची सायकल मागून आणली आहे. पहिले दोन दिवस त्यांनी शाळेचा रस्ता नातवासोबत पायी पाहून घेतला आणि कोणत्या चौकात कोणाला वाट द्यायची ते वहीत उतरवले. तिसऱ्या दिवशी दोघे सायकलीने गेले. वाटेत त्यांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला नाही, त्यासाठी आणखी सराव करणार आहेत, असे त्यांनी स्वतः कळवले.

नव्या तुकडीत एक मुलगी कोपनहेगनला जाणारी आहे. याच पुस्तिकेवर तिचे काम भागेल का, असे तिने विचारले. भागणार नाही. डेन्मार्कमध्ये चौकात डावीकडे थेट वळायचे नसते. आधी सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे आणि मग दुसऱ्या दिशेने जायचे. थांबण्यापूर्वी हात वर करून मागच्याला सांगायचे असते आणि लुकलुकणारा दिवाही चालतो. शहराच्या उपनगरी गाड्यांत २०१० पासून सायकल विनामूल्य नेता येते, म्हणजे गाडीचा भागही वेगळा लिहावा लागेल. कोपनहेगनसाठी स्वतंत्र चार पाने करायची असे ठरवले आहे. मैदान शाळा सुरू झाल्यामुळे आता फक्त रविवारी सकाळी मिळेल. तिचा पहिला सराव पुढच्या रविवारी, दोन टप्प्यांतल्या डाव्या वळणापासून.